बाबांना सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) निघालंय, खारघरच्या टाटाचा अनुभव आहे का कोणाला?

नमस्कार मंडळी, आम्ही ऐरोलीचे. बाबांना थकवा आणि पोटात डावीकडे जड वाटायचं म्हणून सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर, मग बीसीआर-एबीएल (या कॅन्सरचा जनुकीय बदल शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह, म्हणजे सीएमएल, नशिबाने क्रॉनिक फेज, म्हणजे सुरुवातीचा टप्पा. इमॅटिनिब ४०० ही गोळी चालू केलीय, रोज जेवणानंतर, आणि दर ३ महिन्यांनी पीसीआर (तोच बदल रक्तात किती उरलाय ते बघणारी टेस्ट). गोळीने मळमळतं, सकाळी डोळे इतके सुजलेले असतात की चष्मा नीट बसत नाही, हे कमी होतं का पुढे? आई म्हणते केमो नाही तर कसला कॅन्सर, तिला कोण समजावणार! सेकंड ओपिनियनला खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये थेट फाईल काढता येते की आधी परळचं टाटाच गाठावं लागतं? आणि जेनेरिक गोळी कोणी घेतंय का, रिपोर्टमध्ये फरक पडला का? पपईच्या पानांचा रस वगैरे प्लीज नको, ते नातेवाईक सांगतायतच.