नेटवर्किंगच्या कार्यक्रमातून तुमचं काम नेमकं कसं निघालं? (अनुभव धागा)

नेमप्लेटवाली

दिवाळीच्या आवराआवरीत बुटाच्या खोक्यात भरून ठेवलेली व्हिजिटिंग कार्डं निघाली. भोसरीत माझा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा उद्योग आहे. यंत्रांवरच्या ॲल्युमिनियमच्या नेमप्लेट, कंट्रोल पॅनलचे स्टिकर, असली कामं. गेली पाच वर्षं चेंबरचे मेळावे, व्हेंडर मीट, प्रदर्शनं, उद्योजकांच्या मासिक बैठका, जमेल तिथे जात आले. कार्डं तीनशेच्या वर होती. फरशीवर मांडून बसले आणि ज्यांच्याकडून एकदा तरी ऑर्डर आली ती बाजूला काढली. नऊ निघाली.

त्यातल्या सहा जणांशी माझी गाठ तिसऱ्याच कुणीतरी घालून दिली होती. अक्षरशः हाताला धरून नेऊन, "यांचं काम बघा एकदा" म्हणून. उरलेल्या तिघांना मी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता आणि त्यांनी बोलता बोलता सांगितलेल्या अडचणीवरच बोलले होते. एकांच्या पॅनलवरचे स्टिकर कूलंटने (यंत्रात थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवाने) सुटत होते. दोन दिवसांत वेगळ्या गोंदाचा नमुना घेऊन त्यांच्या गेटवर उभी राहिले. बाकीच्यांना माझ्याकडून "भेटून आनंद झाला" एवढा एक मेसेज गेला होता.

म्हणून हा धागा. सर्वसाधारण सल्ले नकोत. कुठे गेला होतात, काय केलंत, त्यातून काय निघालं किंवा निघालं नाही, ते लिहा. छोट्या उद्योगातला मालक दिवसभर बाहेर गेला की शॉपचा तो दिवस गेल्यात जमा असतो. त्याचं चीज कशाने होतं हे मला मनापासून समजून घ्यायचं आहे. कुणाबद्दल तक्रार असेल तर नाव न घेता लिहा.

दोन लेथ, एक व्हीएमसी

ताई, चांगला विषय काढलात. माझं चाकणला जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून द्यायचं, शॉप आहे. २०२३ च्या जानेवारीत बंगळूरला इमटेक्सला, म्हणजे मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला, गेलो. स्टॉल परवडणारा नव्हता, नुसता बघायला म्हणून गेलो. तेव्हा मेट्रो नागसंद्रपर्यंतच होती, पुढे तुमकूर रोडने रिक्षा. (२०२४ च्या नोव्हेंबरपासून मादावरापर्यंत जाते, प्रदर्शनाच्या जवळच उतरता येतं. जाणाऱ्यांनी रिक्षाचे पैसे वाचवा.)

पहिल्या दिवशी सगळे हॉल पालथे घातले. संध्याकाळी हातात कॅटलॉगच्या दोन पिशव्या आणि कामाचं बोलणं एकाशीही नाही. रात्री लॉजवर डोक्यात उजेड पडला. स्टॉलवाले मशीन विकायला बसलेत, ते मला जॉबवर्क कशाला देतील? काम देणारी माणसं माझ्यासारखीच गळ्यात बॅज घालून हिंडताहेत. आणि ती थांबतात कुठे, तर त्यांच्या धंद्यातला पार्ट ज्या मशीनवर चालू असेल तिथे.

दुसऱ्या दिवशी खिशात एक स्पूल घेतला. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या आत सरकणारा खाचांचा दांडा, बोटाएवढा, मऊ कापडात गुंडाळून. एका टर्निंग सेंटरचा (पार्ट फिरवत कापणाऱ्या मशीनचा) डेमो चालू होता. शेजारी उभे असलेले गृहस्थ मशीनकडे बघतच नव्हते, खाली पडणारी चिप बघत होते. म्हटलं, हा माणूस शॉपवरचा. विचारलं, "सर, तुमच्याकडे ग्रूव्हिंगचं इन्सर्ट किती पार्ट टिकतं?" पुढची वीस मिनिटं आम्ही इन्सर्टवरच, म्हणजे खाच पाडणाऱ्या हत्याराच्या बदलत्या टोकावरच, बोलत होतो. ते बेळगावचे, हायड्रॉलिक्सवालेच निघाले. शेवटी स्पूल काढून त्यांच्या हातात दिला. काही न बोलता त्यांनी अंगठ्याचं नख खाचेच्या कडेवरून फिरवलं, बर (कापल्यावर राहणारी धातूची खरखरीत कड) राहिलीय का बघायला. मग दिव्याखाली धरून सावकाश फिरवला.

"ग्राइंडिंग घरात करता का बाहेर?"

"बाहेरून करून घेतो," खरं ते सांगितलं.

"मग टर्निंगपर्यंतचं तुम्ही करा, पुढचं आमचं आम्ही बघू."

पहिली ऑर्डर यायला आठ महिने गेले, तीही पन्नास नगांची. आज ते माझं दोन नंबरचं गिऱ्हाईक आहे. मागे एकदा जेवताना म्हणाले, "तुम्ही 'घरात' म्हणाला असता तर मी तिथूनच निघालो असतो. शॉप केवढं आहे ते आधी सांगितलं होतंत, आम्हाला अंदाज येतो."

नेमप्लेटवाली

वाचून अंगावर काटा आला. कार्ड दिलं-घेतलं की नाही?

दोन लेथ, एक व्हीएमसी

घेतलं, आणि मागे लिहायला गेलो तर चकचकीत लॅमिनेशनवर बॉलपेन उठेना. हाताच्या तळव्यावर लिहिलं. परत आल्यावर माझी कार्डं बिनलॅमिनेशनची, मागची बाजू कोरी अशी करून घेतली. समोरच्याला माझ्याबद्दल काही टिपायचं असेल तर त्याला जागा हवी.

नऊ वाजून बावीसची लोकल

मी आर्किटेक्ट, राहायला डोंबिवलीत. मुंबईतले आमच्या व्यवसायातले कार्यक्रम पत्रिकेवर सातचे असतात, पावणेआठला भाषणं सुरू होतात आणि माणसं मोकळेपणाने बोलायला लागतात ती नऊनंतर, जेवणाच्या वेळी. तेव्हा मी दादर गाठायच्या घाईत असते. घरी सहा वर्षांची मुलगी आणि वय झालेल्या सासूबाई. दोन वर्षं मी फक्त भाषणं ऐकून परत आले. याचा मला खरोखर राग येत असे. कामात कमी नसताना केवळ घड्याळामुळे मागे पडत होते.

मग संयोजकांना फोन करून म्हटलं, नोंदणीच्या टेबलावर मी बसते. त्यांना माणूस हवाच होता. साडेसहापासून आठपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाचा बॅज मी शोधून देत होते. नाव, फर्म, चेहरा, तिन्ही एकदम. आणि समोरचा माणूस तेव्हा अजून कुणाच्या घोळक्यात अडकलेला नसतो, उलट आपल्याकडे बघून थोडा निश्चिंत होतो. "तुम्ही ठाण्याचे? आत्ताच ठाण्याचे एक वॉटरप्रूफिंगवाले आत गेलेत, निळा शर्ट, त्यांना जरूर भेटा." एका संध्याकाळी अशा चार-पाच गाठी घालून दिल्या. महिन्याभराने त्याच वॉटरप्रूफिंगवाल्यांचा फोन आला, एका सोसायटीला आर्किटेक्ट हवी होती.

आणखी एक केलं. आम्ही पाच जणींनी मिळून संयोजकांना पत्र दिलं, की एकाआड एक बैठक दुपारी बाराला घ्या. त्यांनी ऐकलं. दुपारच्या बैठकीला बायका जास्त येतात हे अपेक्षितच होतं, पण पनवेल-बदलापूरकडचे पुरुषही वाढलेत. बायांनो, मागणी करून बघा, मिळतं.

हळदवाले

नमस्कार. आमची शेतकरी उत्पादक कंपनी हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडची. पुण्याला खरेदीदार-विक्रेता संमेलनाला आम्ही चौघं गेलो होतो, पाच किलो हळद घेऊन. एका मसाला कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यासोबत दहा मिनिटं मिळाली. आमच्या अध्यक्षांनी सुरुवात केली. सभासद किती, शेड कधी झालं, उद्घाटनाला कोण आलं होतं. सात मिनिटं त्यातच गेली. त्या साहेबांनी शांतपणे एक हळकुंड उचललं, कडकन मोडलं, आतला गाभा बघितला, नाकाशी नेलं आणि विचारलं, "कुरकुमिन किती टक्के? ओलावा किती? महिन्याला किती टन देणार आणि किती महिने?" (कुरकुमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक.) लेखी उत्तर आमच्यापाशी एकाचंही नव्हतं. परतीच्या गाडीत नगर येईस्तोवर कुणी तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी जायच्या आधी दोन महिने लॉटप्रमाणे हळद वेगळी ठेवली, प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत तपासला. शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं केली, पाकिटावर लॉट नंबर आणि सोबत त्याच लॉटचा रिपोर्ट. एका कागदावर फक्त माल, गुणवत्ता, महिन्याचं टनेज आणि फोन नंबर. कंपनीचा इतिहास काढून टाकला, अध्यक्षांना वाईट वाटलं, पण काढला. दहा मिनिटांत तीन प्रश्न झाले, तिन्हींची उत्तरं कागदावर होती. साहेब म्हणाले, "हे पाकीट मी घेऊन जातो, आमच्या लॅबला लावतो." त्यांच्या लॅबचा आकडा आमच्या आकड्याच्या जवळ आला आणि तिथून व्यवहार सुरू झाला.

माझं सांगणं एकच. शेतकऱ्याला बोलायला शिकवायचे वर्ग भरपूर होतात. आम्हाला बोलता येतच होतं, रिपोर्ट नव्हता.

मला थोडा वेळ लागतो

मी तोतरा बोलतो, लहानपणापासून. ईआरपी, म्हणजे कंपनीचा स्टॉक, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देण्याचं काम करतो. या कार्यक्रमांत सगळ्यांना उभं करून एक मिनिटात ओळख करून द्यायला सांगतात. माझं नावच 'प'ने सुरू होतं आणि नेमका तोच अडतो. एका बैठकीत माझं मिनिट संपलं तरी नाव पुरतं बाहेर आलं नव्हतं. घंटा वाजली आणि माइक पुढे गेला. नंतर वर्षभर मी कुठेही गेलो नाही.

पुन्हा गेलो ते वहिनींच्या सांगण्यावरून. त्यांनी सुचवलं, आधीच सांगून टाका. आता उभा राहिलो की पहिलं वाक्य असतं, "मी अडखळत बोलतो, मला थोडा वेळ द्या." हे वाक्य घरी पन्नास वेळा म्हटलंय, ते सहसा अडत नाही. ते म्हटल्यावर खोलीतला ताण जातो आणि निम्मं अडखळणंही जातं. संयोजकांना आदल्या दिवशी कळवतो, की मला दीड मिनिट लागेल. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

दुसरं, मी घोळक्यात शिरत नाही. एखादा माणूस एकटा भिंतीकडेला चहा घेत उभा असतो, त्याच्याकडे जातो. मला बोलायला वेळ लागतो म्हणून मी ऐकतो जास्त. एका फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) स्टोअर्स मॅनेजरांनी त्यांचा स्टॉक जुळत नसल्याचं गाऱ्हाणं मला अर्धा तास सांगितलं. मी तीनच प्रश्न विचारले. माझं आजवरचं सगळ्यात मोठं काम ते आहे.

घंटा वाजवणाऱ्यांना विनंती. समोरचा अडखळत असेल तर घंटेवरून हात काढा.

गट सोडलेला

दर आठवड्याला पहाटे भेटून एकमेकांना गिऱ्हाईक सुचवायचं, अशा एका गटात मी दीड वर्ष होतो. नाव घेत नाही. माझा अनुभव चांगला नाही. आठवड्याला अमुक इतके रेफरल दिलेच पाहिजेत म्हटल्यावर माणसं आकडा भरण्यासाठी कुणाचेही नंबर द्यायला लागली. मी फोन केला की पलीकडून "कोण तुम्ही? मला काही नकोय." यात माझीच पत गेली. मीही दोनदा असे नंबर दिले, त्याची खंत आहे. सामील होण्याआधी दोन-तीन बैठकांना पाहुणा म्हणून जा, आणि जे सोडून गेले त्यांना भेटा.

शनिवारवाला

गटागटांत फरक असतो. माधवराव भिडे यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबमध्ये मी सात वर्षं आहे. पहिल्या वर्षी मला एकही काम मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी एका सभासदाच्या कारखान्यात नुसता बघायला म्हणून गेलो आणि तेव्हा मला कळलं की त्यांचं काम मी दुसऱ्याला धड समजावून सांगूच शकत नव्हतो. आता महिन्यातून एकाच्या कारखान्यात जातो. स्वतःच्या डोळ्यांनी काम पाहिलं नसेल तर मी कुणाचंही नाव पुढे करत नाही.

श्टुटगार्टहून

२०१५ ला हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात भारत भागीदार देश होता, तेव्हा इथून दुभाषा म्हणून गेले होते. आपली बरीच मंडळी स्टॉलवर वाट बघत बसली होती. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवाल्या काकांच्या डायरीत मात्र दिवसाला चार भेटी लिहिलेल्या. दीड महिना आधी त्यांनी कास्टिंगचे फोटो, वजन आणि धातूचा ग्रेड देऊन पंचवीस कंपन्यांना पत्रं पाठवली होती, अकरा जणांनी वेळ दिली. जर्मन माणूस ठरलेल्या वेळी येतो आणि ठरलेल्या वेळी उठतो. काका पाच मिनिटं आधी जाऊन उभे राहत. बाकीच्यांचा माल काही कमी प्रतीचा नव्हता, म्हणून ते बघताना जास्त हळहळ वाटली.

सत्तेचाळीस पूर्ण

माझी नोकरी गेली तेव्हा मी सख्ख्या मित्रांना फोन करत बसलो. त्यांना माझी काळजी होती, पण त्यांना माहीत असलेल्या जागा मलाही माहीत होत्या. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं होतं: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, कारण लांबच्या माणसाचं वर्तुळ वेगळं असतं. मला ते बायकोच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं.

मग मी आमच्या क्षेत्रातल्या एका दिवसाच्या परिषदेला गेलो. नोकरी मागितली नाही. दहा वर्षांपूर्वी एका प्रकल्पावर भेटलेले एक जण दिसले, त्यांना म्हटलं, "वेअरहाउस ऑटोमेशनमध्ये माझ्या वयाच्या माणसाला काय शिकावं लागेल? हे कोण नीट सांगेल?" त्यांनी दोन नावं दिली. दुसऱ्या नावाकडून तिसरं मिळालं आणि तिथे जागा होती. मधे साडेचार महिने गेले. परिषदेच्या दाराशी मी वीस मिनिटं नुसता उभा होतो, आत जायचं धाडस होत नव्हतं, हेही लिहून ठेवतो. कुणी आज तसं उभं असेल तर त्यांच्यासाठी.

नेमप्लेटवाली

सगळ्यांचे आभार. थोडा वेळ लागतो दादा, तुमचं घंटेचं आमच्या मासिक बैठकीच्या संयोजकांना आजच सांगितलं.

काल रात्री खोकं पुन्हा उघडलं आणि या वेळी कार्डांच्या मागची बाजू बघितली. बहुतेक कोरी होती. एकावर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: "शेतीपंप. उन्हात नेमप्लेटचा लाल रंग उडतो." तारीख दोन वर्षांपूर्वीची. सकाळी फोन लावला. कार्यक्रमाचं नाव सांगितलं, त्यांना मी आठवले नाही. लाल रंगाचं विचारलं तर लगेच म्हणाले, "अहो, अजून उडतोच आहे. नमुना घेऊन या." तीन वेगवेगळ्या शाईचे तुकडे आजपासून गच्चीवर उन्हात ठेवलेत, अर्धा भाग काळ्या टेपने झाकून. गुरुवारी जातेय.