मदत हवी आहे: डॅक प्रेस्कॉटच्या विक्रमी कराराची बाजू कशी मांडावी?

इंद्रायणी

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मुलगा नववीत आहे. शाळेत वादविवादासाठी विषय आलाय: 'काउबॉइजनी डॅक प्रेस्कॉटला दिलेला विक्रमी करार योग्य होता.' (काउबॉइज हा डॅलसचा अमेरिकन फुटबॉल संघ, प्रेस्कॉट त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू.) चिठ्ठीत नेमकी 'बाजूने बोला' निघाली. गंमत अशी, की तो स्वतः काउबॉइजचा कट्टर चाहता आहे आणि संघाने बचावातला तारा मायका पार्सन्सला विकल्यापासून घरात प्रेस्कॉटचं नाव काढलं तरी फणकारतो.

मला क्रिकेट कळतं, त्याच्या बाबांना तेही नाही. शोधाशोध करून एवढं हाती लागलंय: सप्टेंबर २०२४ मध्ये ४ वर्षांसाठी २४ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला ६ कोटी. त्यातले २३.१ कोटी गॅरंटीड. वर्षाकाठी इतके पैसे एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) कुणालाच मिळाले नव्हते. पण ज्याने संघाला एकदाही सुपर बोलपर्यंत (लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत) नेलं नाही, त्याला सगळ्यांत जास्त पैसे का? आणि ती 'सॅलरी कॅप' नेमकी कशी चालते? जाणकारांनी प्रकाश टाकावा. वाद पुढच्या आठवड्यात आहे.

पेठेतला_पाहुणा

प्रेस्कॉटचे प्लेऑफमध्ये २ विजय, ५ पराभव. विषय संपला. चिठ्ठी बदलून मिळते का बघा.

(हलके घ्या.)

ह्यूस्टनकर

कॅपचं सांगतो. लीगच्या कमाईतला जवळपास ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असा त्यांच्या संघटनेशी करार आहे. त्यातून दर वर्षी प्रत्येक संघाला पगारावर किती खर्च करता येईल ते ठरतं. श्रीमंत मालक असो वा गरीब (तिथले 'गरीब' मालकही अब्जाधीशच), मर्यादा एकच. २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी होती, २०२५ मध्ये २७.९२ कोटी.

तुम्हाला क्रिकेट कळतं म्हणून: लखनऊने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं तेव्हा संघाची थैली १२० कोटींची होती, म्हणजे साडेबावीस टक्के एकाच माणसावर. प्रेस्कॉटचे ६ कोटी त्या वर्षीच्या कॅपच्या साडेतेवीस टक्के होतात. फक्त आयपीएलचा संघ पंचवीस जणांचा, इथे त्रेपन्न जण पोसायचे असतात.

मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. विक्रम डॉलरमध्ये झाला, टक्क्यांत नाही. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याने २०२३ मध्ये वर्षाला साडेपाच कोटी घेतले तेव्हा कॅप २२.४८ कोटी होती. भागाकार करा, साडेचोवीस टक्क्यांच्या आसपास येतात. कॅप जवळपास दर वर्षी फुगते, त्यामुळे ज्याचा करार सगळ्यांत शेवटी होतो त्याचा आकडा बहुधा सगळ्यांत मोठा दिसतो.

चौथा_डाऊन

वरच्या प्रतिसादाला +१. पण 'त्याची लायकी होती का' या प्रश्नात मुलगा अडकला तर हरेल. तिथे २-५ च्या पुढे कुणी जाऊच देणार नाही. प्रश्न असा फिरवायला हवा: करार झाला त्या रविवारी सकाळी संघमालक जेरी जोन्सपुढे दुसरा कोणता रस्ता होता?

थोडं मागे जाऊ. प्रेस्कॉट २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (इथे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात) चौथ्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर निवडला गेला. तेव्हाचा क्वार्टरबॅक टोनी रोमो जखमी झाला म्हणून हा पोरगा थेट मैदानात उतरला आणि १३ सामने जिंकून बसला. चौथ्या फेरीतल्या खेळाडूचा पगार क्वार्टरबॅकच्या मानाने अगदी किरकोळ असतो, म्हणजे पहिली चार वर्षं डॅलसला तो जवळपास फुकट मिळाला. तेव्हाच लांबचा करार करून टाकायला हवा होता. जोन्सनी घासाघीस केली. २०२० मध्ये फ्रँचाइझ टॅग (करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष अडवून ठेवायचा संघाचा हक्क) लावून वर्षभर थोपवून धरलं. त्याच मोसमात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याचा घोटा भयानक मोडला. एखाद्याला वाटेल आता भाव पडणार. उलट मार्च २०२१ मध्ये त्याने ४ वर्षांचे १६ कोटी घेतले, आणि सोबत दोन कलमं लिहून घेतली: करार संपल्यावर टॅग लावायचा नाही आणि माझ्या संमतीशिवाय दुसऱ्या संघाला द्यायचं नाही.

सगळी मेख या दोन कलमांत आहे. २०२३ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक ३६ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले, एमव्हीपीच्या (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) मतदानात बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनच्या मागे दुसरा आला. २०२४ हे कराराचं शेवटचं वर्ष. टॅग नाही, ट्रेड नाही. मोसम संपला की तो मोकळा, आणि जुन्या बोनसचे सुमारे ४ कोटी मात्र पुढच्या वर्षी डॅलसच्याच कॅपवर बसणार, तो दुसरीकडे खेळत असला तरी. (सायनिंग बोनस रोख लगेच मिळतो, पण हिशेबात पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो. ही उधारी कधीतरी फेडावी लागतेच.) त्याच्या जागी उभा करायला दुसरा क्वार्टरबॅक तयार नव्हता. करारावर सह्या ८ सप्टेंबरला झाल्या, क्लीव्हलंडमधला पहिला सामना सुरू व्हायला काही तास असताना. इतक्या उशिरा बाजारात गेलं की भाव दुकानदारच सांगतो.

अवांतर: गॅरंटीड रक्कम २३.१ कोटी. क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला क्लीव्हलंडने दिलेली २३ कोटी होती. हे वरचे दहा लाख योगायोगाने आले असतील असं मला वाटत नाही.

पेठेतला_पाहुणा

म्हणजे करार योग्य नव्हता, नाइलाज होता. हे तर विरोधी बाजूचं भाषण झालं!

शिवाय बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक जोश अ‍ॅलन बघा. एमव्हीपी झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याने नवा करार केला तो वर्षाला साडेपाच कोटींचा. एमव्हीपी साडेपाचमध्ये आणि हा सहामध्ये? वर प्रेस्कॉटने सही करून दोन महिने होतात न होतात तोच मांडीचा स्नायू दुखावला, उरलेला मोसम बाहेर. संघ ७-१०.

चौथा_डाऊन

अ‍ॅलनचा मुद्दा मान्य, तो त्रास देणार. पण अ‍ॅलनने करार केला तेव्हा जुन्या कराराची बरीच वर्षं बाकी होती, त्यामुळे बिल्सना घाई नव्हती. फिलाडेल्फियाने त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला एप्रिल २०२३ मध्येच, इतरांच्या आधी, वर्षाला ५.१ कोटींवर बांधलं. तेव्हा तोही विक्रमच होता. दोन वर्षांनी सुपर बोल जिंकला तेव्हा तो भाव स्वस्त वाटायला लागला होता.

आणि नाइलाज म्हणाल, तर ज्या दिवशी निर्णय घेतला त्या दिवशीचे पर्याय बघूनच त्याला बरोबर किंवा चूक म्हणायचं ना? उशीर ही चूक, सही नाही. मुलाने हे दोन वेगळे ठेवले तर तो वाचेल.

इंद्रायणी

खूप आभार! पोराला वाचून दाखवलं. टक्क्यांचा मुद्दा त्याला फारच आवडला. पण म्हणतो, समोरचे पार्सन्स काढणारच: 'प्रेस्कॉटला एवढं दिलं म्हणून पार्सन्ससाठी पैसे उरले नाहीत.' त्याला काय उत्तर?

ह्यूस्टनकर

ते खरं नाही म्हणून सांगायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये पार्सन्स ग्रीन बेला गेला, वर्षाला ४.७ कोटींवर. बदल्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि बचावपटू केनी क्लार्क मिळाले. जोन्स पार्सन्सशी एजंटला वगळून थेट बोलले आणि तिथूनच बिनसलं. महागडा करार बोनसच्या रूपाने पुढे ढकलायची युक्ती डॅलस वर्षानुवर्षं वापरतंय. मनात असतं तर तिघांनाही (पास झेलणारा सीडी लॅम धरून) बसवता आलं असतं. ओढाताण झाली असती, पण झालं असतं.

चौथा_डाऊन

सहमत. एक सूचना: २-५ हा आकडा मुलाने स्वतःच पहिल्या मिनिटात सांगून टाकावा, समोरच्यांच्या हातात ठेवू नये. त्यालाच जोडून म्हणावं, की जानेवारी २०२४ मध्ये पॅकर्सनी (ग्रीन बेचा संघ) ४८ गुण ठोकले, बचाव इतका गळका असेल तर क्वार्टरबॅक काय करणार? फक्त त्या सामन्यावर जास्त वेळ थांबू नये. पहिल्या हाफमध्ये प्रेस्कॉटने दोन इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेले पास) दिली होती, त्यातलं एक थेट टचडाऊनला गेलं, आणि फ्रिस्कोतल्या शाळेत हे न आठवणारा परीक्षक मिळायचा नाही.