डीव्ही अ‍ॅक्टची (कौटुंबिक हिंसाचार कायद्याची) नोटीस आली आहे, पहिल्या तारखेआधी काय करावं?

वाटसरू: बायकोने केलेला कलम १२ चा (संरक्षण वगैरे मागण्याचा) अर्ज आणि सोबत अंतरिम पोटगीचा अर्ज, अशी नोटीस आलीय. सामनेवाल्यांत नवरा, त्याचे आई-वडील आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी राहणारी बहीण. लगेच अटक होते का? फोनमधलं जुनं चॅट ठेवायचं की काढून टाकायचं?

निळीशाई: कलम १२ च्या अर्जावर अटक होत नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो, पण स्वरूप दिवाणी. अटकेची वेळ येते ती संरक्षण आदेश (छळ किंवा संपर्क करू नका असा कोर्टाचा हुकूम) मोडला तर. कलम ३१ प्रमाणे १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र. संपर्काला मनाई असेल तर "एकदा भेटून बोलू" एवढा मेसेजही महागात पडतो. मामा-काकांकरवी निरोप धाडू नका. तडजोडीचं बोलणं वकिलांमार्फत किंवा कोर्टाच्या मध्यस्थीतच होऊ द्या.

तारीख अजिबात चुकवू नका, कलम २३ खाली एकतर्फी आदेश होऊ शकतो. वकीलपत्र द्या, अर्जाच्या आणि सोबतच्या कागदांच्या नकला घ्या, म्हणणं (लेखी उत्तर) मांडायला मुदत मागा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर मोफत वकील मिळतो.

दाखलपूर्व: म्हणणं परिच्छेदवार द्या. "सर्व मजकूर खोटा आहे" या एका ओळीने काही साधत नाही. अमुक तारखेला मारहाण झाली असं लिहिलं असेल तर त्या दिवसाचा हजेरीपट, प्रवासाचं तिकीट, दवाखान्याचा कागद लावा. आणि जे घडलंय ते नाकारू नका. जखमेचा वैद्यकीय दाखला पुढे आला की तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्टाचा विश्वास उरत नाही. बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे तर मुळीच नकोत. ते अन्यायाचं आहेच, शिवाय छळाचा नवा पुरावा तुम्हीच लेखी देता.

पोटगीसाठी रजनीश विरुद्ध नेहा (२०२०) निकालाप्रमाणे दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगारपत्रकं, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, कर्जाचे हप्ते आत्तापासून गोळा करा. उत्पन्न लपवलं आणि उतारा बाहेर आला, तर खोट्या शपथेची कारवाई वेगळी. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे तारखा लांबवून थकबाकीच वाढते.

निळीशाई: चॅट काढू नका, मूळ फोनही विकू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागतं. आधीचं-नंतरचं बोलणं गाळून सोयीचा तुकडा दिला तर समोरचा वकील उलटतपासात पूर्ण चॅट मागणारच.

पोलिसांत वेगळी फिर्याद झाली (नवरा-सासरच्यांकडून छळाची; जुनं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तर तो फौजदारी खटला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची (पोलिसांसमोर हजर राहण्याची) नोटीस आली तर वेळेवर हजर व्हा. टाळाटाळ हेच अटकेचं कारण होतं. भीती असेल तर सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागा.

वाटसरू: बहिणीचं काय? आणि घर आईच्या नावावर आहे, कुलूप बदललं तर चालेल?

दाखलपूर्व: बहिणीचं म्हणणं स्वतंत्र द्या, तिच्या राहत्या पत्त्याच्या पुराव्यासह. तिच्यावर नेमकी तारीख आणि कृती नसेल तर वगळण्याचा अर्ज करता येतो.

कुलूप बदलू नका. सतीश चंदर आहुजा (२०२०) निकालानंतर सासरच्यांच्या मालकीचं घरही 'सामायिक घर' (जिथे राहण्याचा बायकोला हक्क असतो) ठरू शकतं. एकत्र राहणं खरंच अशक्य असेल तर पर्यायी जागा किंवा भाडं देण्याची तयारी म्हणण्यातच लिहा. अंतरिम आदेश पटला नाही तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील. स्थगिती मिळेपर्यंत आदेश पाळावाच लागतो.