एक्सपल्स गाडीला पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १२ दातांचं टाकू का मागचं ४२ चं? चेन किती कड्यांची लागंल?

पाणंदीचा_राजा
राम राम मंडळी. मागच्या महिन्यात सेकंडहँड एक्सपल्स २०० ४व्ही घेतलीय, २८ हजार चाललेली. मी पाटोद्याकडचा, शेत डोंगराच्या कडंला, शेवटचे दोन-अडीच किलोमीटर नुसती पाणंद, निम्मी मुरमाड अन् निम्मी काळ्या रानातली. मुरमाच्या चढाला गाडी मस्त चढतीय पण पाऊस झाला की काळ्या रानात पहिल्या गिअरला क्लच सोडला की मागचं चाक जागेवरच फिरतंय, मग अर्धा क्लच धरूनच काढावी लागतीय, परवा तर क्लचचा वास आला राव. अन् महिन्यातून दोन-तीनदा संभाजीनगरला जायलोय धुळे-सोलापूर हायवेनं, तिथं ७५ च्या वर गेलं की इंजिन नुसतं बोंबलतंय, हाताला मुंग्या येतेत. समृद्धीवर तर आपल्याला घेतच नाहीत, त्यामुळं लई पळवायची असं काही नाही, पण ८५ ला निवांत चालावी एवढंच.

गावातला मिस्त्री म्हणला पुढचं एक दात कमी टाक, दोन-तीनशेत काम होतंय. युट्यूबवाले म्हणतेत मागचं ४२ चं टाक. नेटवर कंपनीचं १३ आणि ४० आहे असं वाचलं. चेन तीच चालंल का नवीन लागंल, आणि कड्या किती घ्यायच्या ते पण सांगा. एक कडी वाढवून मिळते का?

मुरूम_माती_लातूर
१२ चं टाक बिनधास्त. मी टाकलंय, चहा थंड होत नाही तोवर काम झालं. पहिल्या गिअरला माणूस चालतो त्या स्पीडनं जाते गाडी. फक्त सहा महिन्यांनी स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणारा दांडा) ते प्लास्टिकचं रबर, चेन ज्याच्यावर घासते ते, बघ. माझं पार खाल्लं होतं, चेन छोट्या स्प्रॉकेटवरून खाली उतरून येते ना.

वाळूजचा_काका
थांब लेका, आधी काहीच टाकू नको. सेकंडहँड गाडी आहे, नेटवर काय लिहिलंय ते सोड, खाली बस आणि दात मोज. मागचे खडूनं खूण करून मोज, पुढच्याचं कव्हर काढायला दोन-चार बोल्ट आहेत, तेवढं काढ. बऱ्याचदा आकडा स्प्रॉकेटवरच ठोकलेला असतो, चिखल खरवडला की दिसतो. मी वीस वर्ष टूलरूमला काढली, मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही.

आता हिशोब. मागचे दात भागिले पुढचे दात, एवढंच आहे ते. १३ आणि ४० म्हणजे ३.०८. पुढं १२ केलं की ३.३३, म्हणजे आठ टक्के फरक. मागं ४२ केलं की ३.२३, पाच टक्के. म्हणून पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन दात असं धरतात, अगदी तंतोतंत नाही पण कामाला पुरतं. जेवढे टक्के आकडा वाढला तेवढे टक्के इंजिन त्याच स्पीडला जास्त फिरणार, आणि तेवढेच टक्के मागच्या चाकाला ताकद जास्त मिळणार. फुकट काही मिळत नाही.

पुढचं छोटं करणं स्वस्त आहे म्हणून मिस्त्री लोक तेच सांगतात. पण चेनची कडी १२ दातांवर जास्त वाकते, पिन तेवढी जास्त घासते, लातूरवाल्यानं सांगितलेली स्विंगआर्मची भानगड वेगळीच. मागचं वाढवणं महाग पण चेनला सुखाचं.

कड्यांचं असं आहे. गाडीला ४२८ ची चेन, म्हणजे एक कडी अर्धा इंच, १२.७ मिलीमीटर. मागं दोन दात वाढवले की चेनला साधारण एक कडी जास्त लागते. पण एक कडी वाढवता येत नाही, कारण आतली-बाहेरची, आतली-बाहेरची अशी जोडीजोडीनं चेन असते, कड्या कायम समसंख्येत. अर्धी वाकडी कडी मिळते ती पंपाला-बिंपाला लावतात, गाडीला लावू नको. मग काय करायचं, तर चेन तीच ठेवून ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकाचा दांडा, पुढं घ्यायचा. एका कडीची लांबी वरच्या आणि खालच्या पदरात वाटली जाते, म्हणजे ॲक्सल साधारण साडेसहा मिलीमीटर पुढं. चार दात वाढवले तर दोन कड्या घाल, ॲक्सल जिथल्या तिथं. पुढचा एक दात कमी केला तर उलटं, ॲक्सल तीनेक मिलीमीटर मागं जातो. ॲडजस्टरला तेवढी जागा आहे का ते बघायचं बस.

मोजून आकडे टाक इथं, मग पुढचं बोलू.

गोदाकाठ_नांदेड
काकांचं सगळं बरोबर आहे पण मला वाटतंय भावाचा प्रॉब्लेम गिअरिंगचा नाहीच. तूच लिहिलंस ना, मुरमावर मस्त चढते आणि काळ्या रानात चाक जागेवर फिरतं. चाक फिरायलं म्हणजे ताकद आहे, पकड नाही. अजून शॉर्ट गिअरिंग केलं, म्हणजे काकांचा तो भागाकार अजून वाढवला, तर अजून जोरात जागेवर फिरंल. पहिल्या ऐवजी दुसऱ्या गिअरला, हलक्या हातानं, न थांबता काढून बघ एकदा. टायर कोणतं आहे, त्याच्यावरचे गोटे (पकड धरणारे उंचवटे) किती उरलेत? हवा किती ठेवतोस? रस्त्याची हवा ठेवून काळ्या चिखलात कोणतीच गाडी जात नाही, मात्र ट्यूबचं टायर आहे, लई कमी केली तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्हच उपटतो, माझा उपटलाय, मुदखेडपासून नऊ किलोमीटर ढकलत आणलीय.

आणि क्लच केबलला थोडं ढिल आहे का बघ. लिव्हर सोडल्यावर जराशी हलली पाहिजे. वास येतोय म्हणजे प्लेटा जळायल्यात.

हिमालयन_धाराशिव
माझ्या हिमालयन ४११ ला १५ आणि ३८ आहे, म्हणजे २.५३ फक्त. तरी बालाघाटात कुठं अडत नाही. एक्सपल्सला ३.०८ असून कमी कसं पडतंय?

वाळूजचा_काका
धाराशिवकर, दोन वेगळ्या गाड्यांचे दात असे समोरासमोर ठेवायचे नाहीत. इंजिनपासून चाकापर्यंत तीन ठिकाणी फेरे कमी होतात, प्रायमरी (इंजिन ते क्लच), गिअरबॉक्स आणि शेवटी चेन. चेनचा आकडा फक्त शेवटचा. आणि तुमचं इंजिन ४११ सीसीचं, त्यांचं २०० चं. एकाच गाडीवर आधी आणि नंतर एवढीच तुलना करायची.

पाणंदीचा_राजा
काका, मोजलं. दोनदा मोजलं, मग पोराला मोजायला लावलं. मागं ४२. पुढचं कव्हर काढलं तर आत हरभऱ्याच्या घाट्याएवढा वाळलेला गोळा, तो काढला आणि खाली स्पष्ट १२ लिहिलेलं. म्हणजे आधीच्या मालकानं दोन्ही करून ठेवलंय!! मला विकताना एक शब्द बोलला नाही.

ॲक्सल मागं सरकवून सरकवून खाचेच्या शेवटाला आलाय, दोन रेघा उरल्यात फक्त. टायर रस्त्याचंच आहे, मधले गोटे जवळजवळ सपाट.

वाळूजचा_काका
हां, आता जुळलं. ४२ भागिले १२ म्हणजे साडेतीन. १३ आणि ४० पेक्षा जवळजवळ चौदा टक्के जास्त. जिथं इंजिन ६००० फिरायला पाहिजे तिथं तुझं ६८०० फिरतंय, मग हाताला मुंग्या येणार नाही तर काय. आणि तू पुढचे दात अजून कमी करायला निघाला होतास.

ॲक्सल शेवटाला आलाय म्हणजे चेन ताणलीय का ते बघ. सोपं माप आहे, खालचा पदर हातानं ताणून धर आणि स्टीलच्या पट्टीनं एका पिनच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोज. पहिली पिन शून्य धरायची, इथंच सगळे चुकतात. नवीन चेन २५४ मिलीमीटर भरते. २५८-२५९ च्या पुढं गेली की फेकायची. दोन-तीन ठिकाणी मोज, चेन सगळीकडं सारखी ताणत नसते.

पाणंदीचा_राजा
एका ठिकाणी २५९, एका ठिकाणी २६१. आणि तीन कड्या वळतच नाहीत, बोटानं सरळ केल्या तरी वाकड्याच राहतेत. पेट्रोलनं धुवायचो मी दर आठवड्याला, चकाचक करून.

गोदाकाठ_नांदेड
पेट्रोलनं 😭 आतले रबराचे रिंग गेले मग, रिंग गेले की आतलं ग्रीस गेलं. केरोसीन वापरतात लोक, पण रेशनवरचं केरोसीन आता कुठं बघायला मिळतंय. चेनचं क्लीनर मिळतं, ते आण, आणि वरून ९० नंबरचं गिअर ऑइल थोडं थोडं, फडक्यानं पुसून.

वाळूजचा_काका
गेली ती चेन. आता पूर्ण सेटच घे, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. जुन्या चेनवर नवीन दात लावले तर दात महिन्या-दोन महिन्यात आकड्यासारखे वाकडे होतात.

तुझ्या कामाला मी पुढं १३ आणि मागं ४२ म्हणेन. ३.२३ होतंय, आत्तापेक्षा आठ टक्के लांब (आकडा कमी), म्हणजे हायवेला श्वास मिळंल, आणि नेटवरच्या आकड्यापेक्षा पाच टक्के शॉर्टच, म्हणजे मुरमाच्या चढाला काही बिघडत नाही.

कड्यांसाठी जुनी चेन मोजून तेवढीच घे असं मी म्हणणार नाही, आधीच्या मालकानं त्यात काय केलंय देव जाणे. ॲक्सल खाचेच्या पुढच्या टोकापासून एक तृतीयांशावर आण, म्हणजे पुढं चेन ताणंल तेव्हा मागं जायला जागा राहते. मग दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्यातलं अंतर टेपनं घे. समजा ६२० आलं. त्याची दुप्पट भागिले १२.७, ते ९७.६. दोन्हींच्या दातांची बेरीज ५५, तिची निम्मी साडेसत्तावीस. दोन्ही मिळून १२५.१. वर दातांच्या फरकाचं बारकं काहीतरी येतं, या गाडीला अर्ध्या कडीच्या आत. म्हणजे १२५.६, वरची समसंख्या १२६. तुझं अंतर टाकून तूच कर. दुकानदाराकडून दोन-चार कड्या जास्तीची घे आणि तोडून लाव, कमी पडली तर काही इलाज नाही.

आणि ताण. या गाड्यांचा मागचा सस्पेन्शन लांब खेळतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात टाईट होते. स्टँडवर उभी करून घट्ट केलीस आणि मागं युरियाचं पोतं टाकून खड्ड्यात आपटलीस की गिअरबॉक्सचं बेअरिंग बोंबलंल. दोन माणसं बसव, ती रेषा येईपर्यंत दाब आणि तेव्हा पण चेन थोडी हलली पाहिजे. पावसाळ्यात अजून जरा ढिलीच ठेव, दातांच्या खोबणीत चिखल बसला की चेन आपोआप टाईट होते.

मुरूम_माती_लातूर
मी माझा शब्द मागं घेतो. आणि माझे पण दात मोजून येतो आता.

पाणंदीचा_राजा
बसवली काल. अंतर ६१४ आलं, हिशोब १२४.६, १२६ ची घेतली, ॲक्सल खाचेच्या मध्याच्या अलीकडंच बसला. मागचं टायर गोट्याचं टाकलं, नांदेडवाल्या भावाचं ऐकून. मांजरसुंब्यापर्यंत जाऊन आलो, ८५ ला आरशात मागचा ट्रक नीट दिसायलाय, आधी नुसता थरथरायचा. मोबाईलच्या जीपीएसवर बघितलं तर मीटर ८५ दाखवतं तेव्हा जीपीएस ८१, आधी काय होतं ते बघितलंच नव्हतं म्हणून त्याचं काही सांगता येत नाही. पाणंदीचं पाऊस झाल्यावर सांगतो.

वाळूजचा_काका
चेन जोडायच्या लॉकचा फोटो टाक. क्लिपचं बंद तोंड चेन जिकडं पळते तिकडं पाहिजे, म्हणजे वरच्या पदरावर असताना पुढच्या स्प्रॉकेटकडं.

पाणंदीचा_राजा
उलटं होतं काका. मांजरसुंब्याचा घाट उलट्या लॉकवर उतरून आलो की मी. आत्ता फिरवलं.