मदत हवी आहे : दालमिलसाठी ईडीआय, एएस२ सर्व्हर गावात चालवावा का?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची छोटी दालमिल आहे. मुंबईचा एक मोठा खरेदीदार तूरडाळ घ्यायला तयार आहे, पण फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देणार नाही म्हणतो. ईडीआय हवं, म्हणजे कागदाऐवजी ठरलेल्या साच्यातल्या फाईली एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर. ऑर्डर ईडीफॅक्ट नावाच्या साच्यात येणार, गाडी निघाली की आम्ही डेसॅडव्ह (माल निघाल्याचा संदेश) पाठवायचा, मग इन्व्हॉइक (बिलाचा संदेश). सगळं एएस२वरून, म्हणजे फाईल सुरक्षित पाठवायच्या एका पद्धतीनं.

वाचून कळलं ते असं : फाईलवर डिजिटल सही होऊन आणि ती एन्क्रिप्ट (दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशी) होऊन इंटरनेटवरून थेट समोरच्याच्या सर्व्हरवर जाते, आणि तिकडून सहीची पोच, म्हणजे एमडीएन, परत येते. मला ही पोचच सगळ्यात मोलाची वाटते. 'बिल मिळालंच नाही' असं सांगून व्यापारी पैसे लांबवतात आणि तूर देणारा शेतकरी ताटकळतो, हे फार झालं.

अडचण लाईनची आहे. रात्री लाईन गेली की नेटही जातं. सर्व्हर बंद असताना ऑर्डर आली तर ती हरवते का? दुसरं, आमची उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यानं १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस काढतोच. त्याचीच जेसन फाईल (ई-इन्व्हॉइसची डेटा फाईल) खरेदीदाराला पाठवली तर?

प्रतिसाद

भाऊ, सर्व्हर गावात अजिबात ठेवू नका. सर्व्हर बंद असला तर पोच जात नाही. पाठवणारा पुन्हा किती वेळा प्रयत्न करणार, हे त्याच्या सेटिंगवर असतं. एएस२ची सेवा भाड्यानं देणारे असतात. ऑर्डर त्यांच्याकडे उतरते, लाईन आली की तुम्ही उचलायची.

जेसन चालणार नाही. तो साचा जीएसटीचा, इन्व्हॉइक वेगळा. मात्र ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) इन्व्हॉइकमध्ये कुठे टाकायचा हे विचारून घ्या. खरेदीदाराकडून संदेशांची मार्गदर्शिका आणि त्यांचा १३ अंकी जीएलएन (कंपनी किंवा तिचं ठिकाण ओळखायचा क्रमांक) मागा.

पोचेबद्दल एक सांगतो. एमडीएन म्हणजे फाईल जशीच्या तशी मिळाली, एवढंच. बिल मंजूर झालं असा त्याचा अर्थ नाही. पैसे किती दिवसांत, हे करारातच लिहून घ्या. सही-एन्क्रिप्शनच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली की देवाणघेवाण अडते, ती तारीखही भिंतीवर लावा.

महिन्याला ऑर्डरी किती येतील? मोजक्याच असतील तर खरेदीदाराचं वेब पोर्टल आहे का विचारा. ब्राउझरमध्येच ऑर्डर बघायची, बिल भरायचं, ईडीफॅक्ट ते बनवतात.