मदत हवी आहे: क्राफ्टवर्कच्या कव्हर्सची मर्यादित आवृत्ती, एकेरी घ्यावी की दुहेरी?

मंडळी, नमस्कार. नाशिकमध्ये आम्हा रेकॉर्डवेड्यांचं एक छोटं टोळकं आहे. रविवारी गंगापूर रोडला कुणाच्या तरी घरी जमतो, चार तबकड्या ऐकतो आणि त्यावर तासन्‌तास भांडतो. सध्याचं भांडण एका मर्यादित आवृत्तीवरून आहे. सगळ्यांत मिळून एकच पार्सल मागवायचं घाटतंय, ऑर्डर या आठवड्यात द्यायचीय आणि एकमत काही होत नाही. म्हणून जाणकारांच्या दारात आलोय.

युरोपातल्या एका छोट्या लेबलने क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या गाण्यांच्या कव्हर्सचा, म्हणजे इतरांनी आपापल्या परीने पुन्हा वाजवलेल्या रूपांचा, संग्रह काढलाय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उरलेल्या प्रती तुम्हीच उचलाल. कुणी जुन्या ॲनालॉग सिंथवर (सिंथेसायझरवर) वाजवलंय, एकीने चर्चमधल्या पाइप ऑर्गनवर, आणि एक कव्हर तर नुसत्या माणसांच्या आवाजात आहे. एकूण संगीत 52 मिनिटांचं. एकेरी आवृत्तीत मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची एक काळी तबकडी, म्हणजे बाजूला 26 मिनिटं. दुहेरीत 45 च्या दोन तबकड्या, पारदर्शक निळ्या, नंबर टाकलेल्या 300 प्रती, आणि किंमत जवळपास दुप्पट.

आमच्यातले एक काका नोटप्रेसमधून रिटायर झालेत, त्यांच्याकडे क्राफ्टवर्कच्या मूळ तबकड्या आहेत. त्यांचं म्हणणं, यंत्राच्या संगीताचं कव्हर यंत्रावरच करायचं म्हणजे इस्त्रीच्या शर्टाला परत इस्त्री. त्यांना फक्त दोन कव्हर्स मान्य: बालानेस्कू क्वार्टेटने 1992 मध्ये व्हायोलिन-चेलोवर केलेली आणि सेन्योर कोकोनटने 2000 मध्ये चा-चा-चाच्या ठेक्यावर बसवलेली. दुसऱ्या टोकाला अंबडचा एक पोरगा. त्याला 'लिमिटेड' दिसलं की हात खिशात जातो, गाणी नंतर बघू.

मला मात्र ती खरंच ऐकायचीत. माझं टर्नटेबल बेल्ट ड्राइव्ह, कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) साधं एमएम प्रकारचं, सुई गोल टोकाची. लांब बाजू असलेल्या तबकड्यांवर शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात, हा जुना त्रास आहे. तेव्हा 26 मिनिटांची बाजू चालेल का? निळ्या रंगाने आवाज बिघडतो का? नंबराला काही अर्थ आहे का? आणि पार्सल ऐन मेमध्ये येणार, त्याचं काय?

सातपूरचा सोल्डरवाला
26 मिनिटं ऐकूनच एकेरीवर काट मारली असती. कारण सांगतो. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंमी खाच सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत ती 21-22 वर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. झांजा, हाय-हॅट, 'स', 'श' यांची वळणं तिथे इतकी बारीक होतात की गोल टोकाची सुई त्यांत शिरतच नाही, वरवर घासत जाते. तुमच्या त्रासाचं मूळ हेच. एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची सुई बसवा, बराच फरक पडेल.

आता बासचं, म्हणजे खालच्या जाड सुरांचं बघू. बास जितका दणकट, तितकी खाच डावी-उजवीकडे रुंद झुलते आणि शेजारच्या खाचेपासून जास्त अंतर ठेवावं लागतं. 26 मिनिटं बसवायची तर कटिंग करणाऱ्याकडे, म्हणजे मूळ खाच कोरणाऱ्याकडे, उपाय दोनच: एकूण पातळी खाली आणायची, नाहीतर बास कापायचा. पातळी खाली आली की तुम्ही ॲम्प वाढवणार, त्याबरोबर तडतडही वाढणार. आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातून बास काढला तर ऐकायचं काय? 45 वर बाजूला 13 मिनिटं म्हणजे ऐसपैस जागा.

लेबलला मेल करून विचारा की तबकडीसाठी वेगळं मास्टरिंग (छापण्याआधीची शेवटची आवाजाची जुळणी) केलंय की स्ट्रीमिंगचीच फाइल पाठवून दिली. आणि खोल बास मध्यभागी, म्हणजे मोनो केलाय का. दोन चॅनलमध्ये वेगवेगळा पसरलेला बास सुईला वर-खाली उडवतो.

फिरती सुई
सोल्डरवाले भाऊ, उगाच घाबरवू नका त्यांना. क्राफ्टवर्कच्याच 1974 च्या 'ऑटोबान'ची पहिली बाजू म्हणजे अख्खं एकच गाणं, 22 मिनिटांच्या वर. जग पन्नास वर्षं ऐकतंय. चांगला कटिंग इंजिनिअर असेल तर 26 पण निघतात.

सातपूरचा सोल्डरवाला
निघतात की, नाही कुठे म्हणतोय? पण बाजू विशीच्या पुढे गेली की प्रत्येक मिनिट महाग पडतं. आणि 1974 चा बास नि आजच्या क्लबमधला बास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धागाकर्ते, एकेरीत बाजूच्या शेवटी कोणतं कव्हर आहे तेवढं सांगा.

धागाकर्ता
पहिल्या बाजूच्या शेवटी नेमकं ते नुसत्या आवाजातलं.

सातपूरचा सोल्डरवाला
घ्या! सगळ्यात आतल्या खाचेत सगळ्यात जास्त 'स'.

अधेली
सुईचं चालू द्या, मला तुमच्या काकांशी भांडायचंय. 1991 मध्ये क्राफ्टवर्कनेच 'द मिक्स' काढला, त्यात आपलीच जुनी गाणी नव्या डिजिटल यंत्रांवर पुन्हा बांधली. स्वतःचंच कव्हर की! त्याआधी तीच गाणी जर्मनमध्ये वेगळी, इंग्रजीत वेगळी गायले होते. त्यांच्याकडे मूळ प्रत अशी एकच नसतेच, काकांना सांगा.

आणि सिंथवर दुसऱ्याचं वाजवणं हलकं असेल तर वेंडी कार्लोसचं काय करायचं? 1968 मध्ये मूग सिंथवर बाख वाजवला. तो मूग एका वेळी एकच सूर काढायचा, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी वाजवून टेपवर थरावर थर चढवले. जपानच्या तोमितांनी 1974 मध्ये देब्युसी तसाच रचला. यात इस्त्री कुठे आली? सिंथमध्ये तयार सूर नसतो, प्रत्येक आवाज आधी घडवावा लागतो. एखादं कव्हर वाईट असेल तर वाजवणाऱ्याने दुसऱ्याने घडवलेला आवाज तसाच्या तसा उचलला म्हणून, यंत्र वापरलं म्हणून नव्हे.

आपल्याकडचं म्हणाल तर सिनेमाच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डी आपल्या घराघरांत होत्या. व्हॅन शिपलींची इलेक्ट्रिक गिटार, इनॉक डॅनियल्सांचं अकॉर्डियन. लग्नाच्या हॉलमध्ये दुसरं काय वाजायचं? चरणजित सिंगही त्याच परंपरेतले. 1982 मध्ये त्यांनी दहा राग रोलंडच्या 808 ड्रम मशीनवर आणि 303 नि ज्युपिटर-8 या सिंथवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये एका डच लेबलने ती रेकॉर्ड परत छापली आणि जग म्हणू लागलं, अरे, हे तर ॲसिड हाउस, ते नंतर आलेलं क्लबमधलं नाचाचं संगीत!

धागाकर्ता
अधेलीताई, काकांना वाचून दाखवलं. 'द मिक्स'वर म्हणाले, 'तो मी विकला.' पुढे काही बोलले नाहीत.

फिरती सुई
क्राफ्टवर्कवाले कोर्टात जायला मागेपुढे बघत नाहीत. या लेबलने परवानगी घेतली असेल का? नाहीतर पैसे भरायचे आणि आवृत्तीच मागे घ्यायची.

चाळिशीतला वकील
तुम्ही ज्या खटल्याबद्दल बोलताय तो सॅम्पलचा. 1977 च्या त्यांच्या रेकॉर्डिंगमधला सुमारे दोन सेकंदांचा ठेका 1997 मध्ये एका जर्मन हिप-हॉप गाण्यात फिरवून वापरला. 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, पण वाद तिथेही संपला नाही. कव्हरचं गणित वेगळं. तिथे कुणाच्या रेकॉर्डिंगला हात लागत नाही, फक्त रचना वापरली जाते आणि तिची रॉयल्टी हक्कसंस्थेमार्फत भरता येते. मुळाला धरून केलेलं कव्हर असेल तर सहसा अडचण येत नाही. शब्द बदलले, चाल मोडली, तर मात्र वेगळी परवानगी लागते.

अवांतर, पण नाशिकच्या मंडळींना उपयोगी. उद्या तुमच्या डोक्यात आलं की आपणच भावगीतांची सिंथ कव्हर्स छापू, तर आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 31ग (31C) वाचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर मूळ रेकॉर्डिंगला पाच कॅलेंडर वर्षं झाल्याशिवाय त्या वाटेने कव्हर करता येत नाही. कव्हर सहसा शेवटच्या रेकॉर्डिंगच्याच माध्यमात हवं आणि वेष्टनावर ते कव्हर असल्याचं लिहावं लागतं. खरी मेख पुढे आहे: रॉयल्टी वर्षाला किमान 50,000 प्रतींची भरायची. भाषा आणि खप बघून ती संख्या कमी करून मिळू शकते, पण मुळात तरतूद ही अशी. छापणार 300 आणि भरणार 50,000 चे! त्यामुळे छोट्या आवृत्तीसाठी हक्कधारकाशी थेट बोलून परवाना घेणं हाच व्यवहार्य मार्ग. कॅसेटच्या काळात कव्हर्सचा जो पूर आला, त्याचा धसका या कलमात दिसतो.

दहीपुलाचा दादा
उरलेली उत्तरं मी देतो, पोस्टाचे आणि कुरियरचे धक्के खाऊन शिकलोय.

पारदर्शक रंगाने आवाज बिघडतो ही बहुतेक दंतकथा. नीट छापलेली रंगीत तबकडी काळीइतकीच चांगली वाजते. पिक्चर डिस्क (चित्र छापलेली तबकडी) मात्र टाळा, तिच्यावर खरखर जास्त असते. ती भिंतीवर लावायची वस्तू.

नंबराचं म्हणाल तर 300 छापल्या कारण 300 खपतील असा अंदाज आहे, बास. एका स्टँपरवर (छापायच्या साच्यावर) हजाराच्या आसपास प्रती निघतात, त्यामुळे 300 व्या प्रतीचा आवाज पहिलीपेक्षा वाईट नसतो. आणि खपल्या तर सहा महिन्यांत हीच गोष्ट लाल रंगात येते. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्या अंबडच्या भावड्याला हे जरूर सांगा.

उन्हाचं खरं आहे. तबकडी पीव्हीसीची, नाशिकच्या 40-42 अंशांना घरात ती काही होत नाही. पण बंद गाडीत किंवा टेंपोत उन्हात राहिली तर वाकते. विक्रेत्याला सांगा की तबकड्या बाहेरच्या जॅकेटमधून काढून मागे वेगळ्या ठेवून पाठवा, म्हणजे जॅकेटच्या शिवणीही फाटणार नाहीत. पार्सल आल्यावर लगेच उघडा, उभं ठेवा, एकावर एक रचू नका.

आणि पाकिटावर 'गिफ्ट' लिहायला सांगू नका. 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली. ड्युटी धरूनच हिशेब मांडा. त्यानंतर दुहेरी दुप्पट महाग वाटते का ते बघा, कारण कुरियरचा खर्च दोन्हीला थोडाफार सारखाच पडतो.

कोथरूडकर
एक पुरवणी. पावसाळ्यात बुरशी धरली तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसतात, ते फक्त विनाइलसाठी. आजोबांच्या 78 च्या लाखेच्या तबकड्यांना हात लावू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. गोदाघाटाच्या बुधवारच्या बाजारात मिळालेलं काहीही घरी आणून लगेच पुसत बसणाऱ्यांसाठी खास.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. लेबलचं उत्तर आलं. तबकडीसाठी वेगळं मास्टरिंग केलंय, खोल बास मोनो आहे, आणि एकेरीची पातळी 'जरा खाली' ठेवावी लागली हे त्यांनी न विचारता कबूल केलं. दुहेरीत नुसत्या आवाजाचं कव्हर तिसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आहे, म्हणजे बाहेरच्या खाचेत. तिथेच माझा निर्णय झाला.

दुहेरीचे दोन संच मागवतोय, एक माझा आणि एक अंबडचा. त्याला लाल रंगाचं सांगितलं, तर म्हणतो लालपण घेईन. बाकीचे ऐकून ठरवणार. काका विकत घेणार नाहीत, पण ऑर्गनचं कव्हर ऐकायला येतो म्हणालेत, तेही 'ऑर्गन हे काही यंत्र नव्हे' या अटीवर. तो वाद मी आता उघडत नाही.

पार्सल अंबडच्या ऑफिसच्या पत्त्यावर येईल, तिथे दिवसभर सही करायला माणूस असतो. आता एलिप्टिकल सुईचं बघायचंय. मुंबईत ती खात्रीने कुठे मिळते ते कुणी सांगा, आणि या शुक्रवारी-शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला येणारं कुणी असेल तर आणून द्याल का? पैसे आगाऊ पाठवतो.