मदत हवी आहे: 'अंगात येणं' कधी आजार, हे साध्या मराठीत कसं विचारायचं?

करवीर तालुक्यातल्या आशाताईंसाठी एकपानी तक्ता करायलोय. आयसीडी-11 मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) यासाठी 6बी63 हा कोड आहे. अट अशी की अंगात येण्याचे झटके नकोसे, आपोआप येणारे, वारंवार असावेत (एकच असेल तर कित्येक दिवस टिकलेला) आणि त्यानं खूप त्रास होत असावा किंवा घर-रोजगार बिघडलेला असावा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत हलगी कडाडली की वारं येतं, थोड्या वेळात उतरतं. रूढीतलं ते यात मोडत नाही. घोळ पुढंच आहे. या आजाराचा शिक्का आधी बसतो, फिट किंवा नशा तपासायची राहूनच जाते. डीएसएम-5 नं (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची मानसिक आजारांची यादी) हे बहुव्यक्तिमत्त्वाच्या विकारात घातलंय, ते तक्त्यात नकोच.

'नकोसं' आणि 'आपोआप' हे न दुखावता विचारणारे दोन प्रश्न कुणी सुचवेल का? 'देव येतो का?' असं नको, लगेच गप्प बसतात.